बोटीची खांदेमळण

कुंईंऽऽऽ... कुंईंऽऽऽ...

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. गावात पहिला ट्रॅक्टर आला होता आणि सगळं गाव त्याच्याभोवती गोळा झालं होतं. ड्रायव्हरनं मागचा नांगर उचलायला दांडा ओढला आणि ट्रॅक्टरच्या पोटातून हा आवाज निघाला. लेक सासरी निघताना रडते ना, अगदी तसा. नांगर अर्धा वर आला आणि तिथंच थरथरत राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, तेलात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाला, "तेल पातळ झालं. पातळ तेलानं मशीन रडते."

तो धडा मी जन्मभर जपला. शाळेत फार धडे मिळाले नाहीत, म्हणून जे बाहेर मिळाले ते जपले.

त्या एका धड्यापायी माझी जी फजिती झाली, ती सांगतो. मी हळू बोलतो, तुम्हाला ठाऊक आहे. चहा गार झाला तर दुसरा सांगू. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तेल चांगलं होतं! एक नंबर तेल होतं! सगळं ऐकून झाल्यावर गाव जे म्हणतं तेच तुम्हीही म्हणाल. म्हणा. मी काही माझं बोलणं मागे घेणार नाही.

तर, आमच्याकडे धरण झालं आणि आमचं गाव आणि पल्याडचं गाव यांच्यामध्ये पाणी येऊन बसलं. पल्याडचं गाव म्हणजे आमच्या कमलचं माहेर. पूर्वी बिडी पेटवून निघालो की दुसरी पेटवायच्या आत सासुरवाडी यायची. आता बीबी गावाला एसटीनं जा, तिथं दुसऱ्या एसटीची वाट पाहा, मग फाट्यावर उतरून चाला. अर्धा दिवस प्रवासातच जातो.

पण आमच्याकडे बोट आहे. मच्छीमार संस्थेची. कोकणातून ट्रकवर बसून आलेली, जुनी पण दणकट. आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही, पण समुद्र पाहिलेली बोट आहे, आहात कुठं! किसन ती चालवतो. गुणी माणूस, मला मामा म्हणतो. जाळी टाकून झाली की ओळखीच्या चार माणसांना पल्याड सोडतो.

या बोटीचं स्टेअरिंग हायड्रोलिक. म्हणजे कसं, चाक फिरवलं की चाकामागचा छोटा पंप तेल ढकलतो. ते तेल दोन बारीक नळ्यांतून बोटीच्या शेपटीला जातं आणि तिथला दांडा इंजिनाला डावीकडे नाहीतर उजवीकडे वळवतो. सगळा खेळ तेलाचा. किसन मला कौतुकानं दाखवत होता, "पाहा मामा, एका बोटानं फिरते."

एका बोटानं? मला ते पटलं नाही. एवढी लोखंडाची बोट, एवढं इंजिन, आणि एका बोटानं फिरतं? मी झाकण उघडून तेल अंगठ्यावर घेतलं.

पाणी! पाण्यासारखं पातळ!

"किसन, कोणं फसवलं बे तुले?"

"कोणंच नाही मामा. हेच तेल राह्यते यातनी."

"अरे, हे त पोराच्या डोक्यालेही लावाच्या लायकीचं नाही."

किसन हसला आणि जाळी झटकू लागला. मी मात्र मनात गाठ मारली.

आता पोळ्याचं सांगतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे मळतो. तूप-हळद लावतो, वर्षभर जू ओढून दुखलेले खांदे शेकतो. आमच्या घरी बैल होते तोवर हे काम माझं. पुढे बैल गेले, मी लोकांचे ट्रॅक्टर चालवू लागलो, पण रीत सोडली नाही. खांदेमळणीला मी ट्रॅक्टरचं तेल बदलायचो. ज्यानं राबायचं त्यालाही एक दिवस कुणीतरी हात लावावा की नाही? त्या वर्षी मला वाटलं, ही बोट परमुलखातून आली, वर्षभर पाण्यात राबली, हिचे खांदे कुणी मळले?

आता तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं?

बीबीच्या बाजारात गेलो. तिथं रशीदभाईचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. माणूस हुशार, पण फार हसतो.

"बोलो चाचा, क्या देऊ?"

"लिफ्टचं नव्वद नंबर दे. अन् स्टेअरिंगचं एकशेचाळीस."

"कोणत्या गाडीत टाकता?"

बोट म्हणालो असतो तर तो हसला असता. मी म्हणालो, "हाये एक जड गाडी."

"ट्रॅक्टर?"

"त्याच्याहून जड."

"जेसीबी?"

"तू तेल देतो का पंचनामा करतो?"

"चाचा, गाडी का नाम नहीं बताओगे, तर मी काय जबाबदार नाही बरं."

"तुले कोणं जबाबदार धरलं? म्या हाओ ना!"

हे वाक्य मी दुकानात उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर बोललो. ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं, हे माझं नशीब.

माझा हिशेब सरळ होता. आमच्या जुन्या ट्रॅक्टरांत नांगर उचलणाऱ्या हायड्रोलिक लिफ्टला नव्वद नंबर आणि स्टेअरिंगच्या डब्यात एकशेचाळीस. दोन्ही जाड, एकशेचाळीस तर काकवीसारखं, सोडलं तर धार तुटत नाही. बोटीचं काम काय? स्टेअरिंग. आणि ते चालतं कशावर? हायड्रोलिकवर. म्हणजे दोन्ही पाहिजे! मी घरी परातीत दोन्ही तेलं निम्मी निम्मी कालवली.

कमल पुरणाची डाळ निवडत होती. तिनं परातीकडे पाहिलं. "ते काय करता?"

"बोटीचे खांदे मळतो."

"माही परात हाये ते."

"धुऊन देतो."

त्या संध्याकाळी किसनच्या देखत मी बोटीतलं ते पातळ पाणी काढून टाकलं आणि माझं कालवण भरलं. किसन काकुळतीला आला. "मामा, चालते ते चालू द्या ना." मी म्हणालो, "लेका, बैलाले तूप-हळद अन् हिले काहीच नाही?" मनानं मऊ आहे तो. त्यानं चाक फिरवून पाहिलं. एका बोटानं फिरणारं चाक आता दोन्ही हातांनी फिरत होतं.

"जड झालं मामा."

"जड नाही, मजबूत झालं."

आता कमलचं सांगायला पाहिजे, कारण पोळ्याच्या दिवशी बोटीतून जायचं होतं तिलाच.

तिचा एकच भाऊ, दामू. धाकटा. तिच्या कडेवर वाढलेला. काही वर्षांपूर्वी दामूच्या पोराचं लग्न निघालं. आपली रीत काय? भावानं बहिणीच्या घरी स्वतः यावं, कुंकू लावून पत्रिका हातात द्यावी. दामूनं पत्रिका एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवली. कंडक्टरनं ती खिडकीतून दिली, वर बेल मारली आणि गाडी निघून गेली. कमल तिथंच धुळीत उभी. "लग्न दामूच्या पोराचं हाये का ह्या कंडक्टरच्या?" एवढंच बोलली आणि लग्नाला गेली नाही. तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं बंद. सणावाराला ही पुरण घाटायची आणि पहिली पोळी तव्यावरून उतरली की उगाच दाराकडे पाहायची.

त्या पोळ्याच्या आधी दामूच्या पोराचा फोन आला. "आत्या, पोळ्याले येजो." कमलनं विचारलं, "तुहा बाप कुठी हाये?" पोरगा म्हणाला, "इथंच हायेत बाजूले." बाजूला होता, पण फोन घेतला नाही. तरी ही जायला तयार झाली. नवं लुगडं नेसली, पुरणपोळ्यांचा डबा फडक्यात बांधला आणि बोटीत बसल्याबरोबर मला सांगून टाकलं.

"हे पाहा. दामू आधी बोलला त म्या उतरीन. नाही बोलला त ह्याच बोटीतून वापस. मंग जल्मात मले तिकडचं नाव सांगू नोका."

गुडघे दुखतात तिचे. वय झालं. मला कळत होतं, आज परत फिरली तर ही पुन्हा तिकडे जायची नाही.

बोट निघाली. सरळ पाण्यात काही अडचण नव्हती. वारा छान होता, इंजिन खुशीत होतं. मी किसनला म्हणालो, "पाह्यलं? कशी चालून राह्यली." किसन म्हणाला, "मामा, सरळ त ओंडकाही जाते."

पल्याडचा काठ दिसू लागला. पोळ्यासाठी सजवलेले बैल काठावरच धुऊन उभे केले होते. झुली, बेगड, रंगवलेली शिंगं. सगळं गाव तिथं, आणि पुढे पांढरं धोतर नेसून, नवी टोपी घालून दामू. कमलनं पदर सारखा केला आणि दुसरीकडे पाहू लागली. पण एक डोळा दामूवर.

किसननं काठाला लावायला चाक डावीकडे घेतलं. बोट डावीकडे वळली. दामू दोन पावलं पुढे आला. त्यानं तोंड उघडलं...

...आणि बोट डावीकडे वळतच राहिली! दामूसमोरून फिरली, त्याला पाठ दाखवली आणि निघाली परत पाण्यात.

"मामा! चाक वापस नाही येऊन राह्यलं!"

"जोर लाव!"

"जोरच लावून राह्यलो!"

मीही चाकाला लटकलो. मग एकदम चाक हलकं झालं आणि गरागरा फिरायला लागलं. मला आनंद झाला. पण चाक फिरत होतं, बोटीला त्याची काही खबर नव्हती. नळ्यांत हवा कोंडली होती म्हणे, आणि त्या जाड तेलातून ती बाहेर निघत नव्हती. हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळलं की बोटीचं तोंड डावीकडे गेलं ते गेलं.

"इंजिन बंद कर!"

"बॅटरी उतरली हाये मामा. बंद केलं त चालू व्हाचं नाही. वारा धरणाच्या मधात नेऊन सोडन आपल्याले."

ट्रॅक्टर असता तर उतारावरून ढकलला असता. पाण्याला कुठून आणू उतार? किसननं वेग कमी केला आणि बोट घाण्याच्या बैलासारखी गोल फिरू लागली.

फेरी पूर्ण करून आम्ही पुन्हा काठाजवळ आलो तेव्हा दामूचा चेहरा लाल झाला होता. त्याला काय वाटणार? बहीण आली, तोंड पाहिलं आणि साऱ्या गावासमोर बोट फिरवून निघाली!

"आक्का!" तो ओरडला. "तोंड दाखवून वापस चालली काय? एवढा राग? माही इज्जत काढाले आली काय इथं?"

कमल माझ्याकडे वळली. तिचा चेहरा असा फुलला होता की मला आमच्या लग्नातली कमल आठवली.

"बोलला!"

"अवं, भांडून राह्यला तो!"

"भांडू द्या. आधी बोलला ना? उतरवा मले."

आता उतरवू कसं? मी चाकाकडे पाहिलं. कमलनंही चाकाकडे पाहिलं. तिला परात आठवली असावी.

"दामू, म्या नाही रे..." ती उभी राहून ओरडली. पण तोवर बोटीनं पाठ फिरवली होती.

पुढच्या फेरीला समजावून सांगावं की नाही? पण काठ जवळ आला आणि तिच्या तोंडून वेगळंच निघालं. "कंडक्टरच्या हातून पत्रिका धाडतेत काय रे कोणी? मले का रस्त्यावर टाकली होती?"

बोट निघून गेली. आता दामूची पाळी, पण आम्ही परत येईपर्यंत त्याला थांबणं भाग. तुम्ही कधी असं भांडण पाहिलं आहे? एरवी भांडणात माणसाला विचार करायला वेळ नसतो, तोंडाला येईल ते बोलून जातो. इथं प्रत्येकाला उत्तर शोधायला एक अख्खी फेरी मिळत होती! काठावरचे लोक तर बैल विसरून गेले.

"आली, आली! दामूकाका, तयार राह्य!"

"आता सोडू नोको!"

दामू तयारच होता. "पाय मोडला होता माहा! येऊ कसा? रांगत येऊ काय?"

कमल एकदम खाली बसली. मग मला म्हणाली, "तुमाले माहीत होतं?"

"नाही वं. आईची आण."

काठ आला. "कधी मोडला? कोनता?"

फेरी.

"डावा! मांडवाचा खांब गाडता गाडता! लग्नाच्या आधी!"

फेरी.

"मंग सांगाचं नाही काय रे, येड्या!" आता ती रडत होती. "म्या पळत आली असती!"

फेरी. काठावर कुणीही हसत नव्हतं. दामू धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होता.

"वाटलं होतं, तू मनानं येशीन!"

बघा हो, एवढंच. एक म्हणे त्यानं बोलवावं, दुसरा म्हणे तिनं न बोलावता यावं. आणि मध्ये ही एवढी वर्षं पडून राहिली.

पुढच्या फेरीला कमल म्हणाली, "दामू, पोळ्या थंड्या होऊन राह्यल्या रे!"

दामूनं लगेच एक लांब कासरा हातात घेतला. कुणीतरी म्हणालं, "बैलं जुंपा, ओढतीन बोट." दामू त्याच्यावर खेकसला, "पोळ्याच्या दिवशी बैलाले काम? माह्या बापानं नाही सांगतलं कधी." आणि तो स्वतः, मोडून जुळलेल्या पायानं, कमरेएवढ्या पाण्यात शिरला. किसननं दोर झेलला, मी बोटीच्या कडीला बांधला. काठावरच्या माणसांनी दोर खांद्यावर घेतला. झुली पांघरलेले बैल निवांत उभे आणि माणसं बोट ओढत होती. बैल पाहत होते.

बोट काठाला लागली. दामूनं बहिणीला हात धरून उतरवलं आणि पाया पडला. तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, मग टोपी सरळ केली, मग पाठीत एक धपाटा घातला. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बरंच झालं.

पण फार वेळ नाही. जेवताना दामूनं विचारलं, "दाजी, बोटीले झालं तरी काय होतं?" आणि किसननं सगळं सांगितलं! परातीसकट! पंगत हसून हसून आडवी झाली.

मी काय खाली मान घालून बसलो? बिलकुल नाही. मी म्हणालो, "हसा. पण बोट नीट वळली असती, त काय झालं असतं? दामूनं तोंड उघडलं होतं, पण बोलला असता काय? मले भरोसा नाही. त्याले बोलतं केलं ते राग आला म्हणून. राग आला, कारण बोट फिरली. अन् बोट कोणामुळं फिरली?"

"तेलामुळं," किसन म्हणाला.

"कोणाच्या तेलामुळं?"

सगळ्यांनी पोळीचा घास तोंडात कोंबला. खरं बोललं की असंच होतं.

दुसऱ्या दिवशी किसननं फोन करून रशीदभाईला बोलावून घेतलं. तो मोटारसायकलवर पातळ तेल घेऊन आला आणि बोट पाहून कपाळावर हात मारला.

"चाचा, बोट बोलना था ना!"

"बोललो असतो त तू हसला असता."

"मग आता काय रडून राह्यलो का?"

त्यानं माझं तेल काढलं. म्हणाला, या पंपाला पातळच तेल लागतं, बारीक नळीतून ते पळालं पाहिजे, आणि जाड तेल हवा धरून बसतं. नवं तेल भरलं, किसनकडून चाक डावी-उजवीकडे फिरवत नळ्यांतली हवा बुडबुड्यांसकट बाहेर काढली. चाक पुन्हा एका बोटानं फिरू लागलं. मी कबूल केलं की फिरतं. बाकी काही कबूल केलं नाही.

रशीदभाई गेला, किसन बॅटरी लावत होता आणि मी बोटीत एकटा उभा होतो.

दुपारी कमल निघाली. पिशवी दामूच्या हातात, आणि भावजयीनं दिलेलं नवं लुगडं तिच्या अंगावर. चेहरा असा शांत, की मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. काठावर येऊन तिनं बोटीकडे नीट पाहिलं.

"झालं नीट?"

"झालं."

"तेल बदललं?"

"बदललं. रशीदभाईनं सोताच्या हातानं भरलं."

तिला बरं वाटलं. दामूच्या खांद्यावर हात ठेवून तिनं एक पाय बोटीत टाकला. तिला धीर यावा म्हणून मी म्हणालो, "बिनघोर बस. नुसत्या त्या पाण्यावर नाही सोडलं म्या. वरून आपलं जाडं थोडंसं टाकलं, वाटीभरच."

तिनं पाय काढून घेतला. दामूच्या हातातली पिशवी घेतली, पदर खोचला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी एसटीच्या फाट्याकडे चालू लागली.